या पेटीतला पसारा आवरू नये

मित्रांनो, तोफ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर किल्ल्याचा बुरूज येतो आणि त्यावर बसून फोटो काढणारी माणसं येतात. मी तसली तोफ नाही. मी चाकणच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये जन्मले. वयाने फार मोठी नाही, पण खाऱ्या वाऱ्याने मला अशी काही कुरतडली आहे, की बघणारा पहिल्याच नजरेत मला म्हातारी ठरवतो. माझ्या तोंडातून गोळा सुटत नाही, दोरी सुटते. स्वभाव मात्र अस्सल तोफेचा. मी लगेच तापते, आणि कुणी मला कोपऱ्यात ढकललं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

माझं काम आधी समजून घ्या. वादळात एखादी बोट किनाऱ्याजवळच्या खडकावर आपटली, की दुसरी बोट तिच्याजवळ जाऊ शकत नाही. गेली तर तिचाही चुरा होतो. अशा वेळी मला किनाऱ्यावर रोवतात आणि बोटीच्या दिशेने डागतात. दाबून भरलेल्या हवेच्या जोरावर माझ्या नळीतून एक लोखंडी दट्ट्या सुटतो. त्याच्या शेपटीला बारीक, चिवट दोरी बांधलेली असते. ती बोटीवर पडली की बोटीवरचे लोक तिला ओढतात, तिच्यामागून जाड दोर जातो, आणि त्या दोरावरून सरकत जातं एक रबरी कडं. त्या कड्याला कापडाची चड्डी शिवलेली असते. चड्डीत पाय घालून बसायचं, की किनाऱ्यावरची माणसं ओढून घेतात. हसलात ना? खुशाल हसा. त्या चड्डीत बसून आलेला माणूस संध्याकाळी घरी जेवायला असतो.

मला घडवलं ज्योतीरामने. तो बीडकडचा, हाताने राकट आणि बोलायला मऊ. त्याने मला कापलं, तापवलं, लेथवर चढवून माझ्या अंगाच्या सालपटांचा ढीग पाडला. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी मला भाजून काढलं. मी किंचाळले तरी शेडमध्ये एवढा गोंगाट, की कोण ऐकणार? आमच्या शेडचे मालक सुरेंद्र सर. मोठ्या कंपनीतली इंजिनिअरची नोकरी सोडून त्यांनी हा उद्योग थाटला होता आणि कोकणातल्या बंदरांना असली साधनं पुरवायची ऑर्डर मिळवली होती. ज्योतीरामने समुद्र कधी पाहिला नव्हता. एक दिवस वेल्डिंगच्या मुखवट्याची काच वर करून त्याने विचारलं, "सर, समिंदर केवढा असतोय ओ? जायकवाडीएवढा असंल का?"

"जायकवाडीला पलीकडचा काठ असतो, ज्योतीराम," सर हसत म्हणाले.

ज्योतीराम हसला नाही. त्याने माझ्या नळीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "असं हाय व्हय? मग हिला अजून एक थर मारतो." तो जादा थर आजही माझ्या कमरेला आहे. त्याच्या जोरावर मी पुढे जे सोसलं ते सोसलं.

पहिली चाचणी शेडमागच्या मोकळ्या प्लॉटवर झाली. माझ्या पोटात हवा कोंबली, झडप उघडली, आणि मी अशी काही गरजले की आजूबाजूच्या शेडमधली माणसं बाहेर पळत आली. दट्ट्या प्लॉट ओलांडून, भिंत ओलांडून थेट चहाच्या टपरीच्या पत्र्यात घुसला. टपरीवाला हातातली किटली टाकून ओरडला, "राव, लढाई सुरू झाली का काय!" मित्रांनो, खरं सांगते, त्या दिवशी मला स्वतःचा गर्व वाटला.

आता वर्षालीबद्दल सांगते, कारण ही गोष्ट जितकी माझी तितकीच तिची आहे. ती कोकणातल्या एका लहान बंदरातली मुलगी. आयटीआय करून आमच्याकडे कामाला लागली, काळेवाडीत दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. तिचा बाप धाकू तांडेल, म्हणजे मासेमारीच्या बोटीचा म्होरक्या. धाकटा भाऊ ज्ञानेश बापाबरोबर समुद्रावर जायचा. आमच्या शेडमध्ये समुद्राच्या खाऱ्या पाण्याची चव माहीत असलेली ती एकटीच. त्यामुळे माझ्या दोरीची पेटी तिच्याकडे आली.

ती दोरी गुंडाळायची नसते. पेटीत खुंट्यांची एक चौकट असते. त्या खुंट्यांना वळसे देत दोरी नागमोडी, सैल, थरावर थर सोडायची आणि डागायच्या आधी खुंट्या काढून घ्यायच्या. मग पेटीत नुसता पसारा दिसतो, पण दट्ट्या सुटला की त्यातून दोरी एकही गाठ न पडता सरसर निघून जाते. सरांनी चित्र काढून समजावलं तेव्हा वर्षाली म्हणाली, "सर, आमचं जाळं असंच ठेवतात. बाबा म्हणतात, 'जाळा घडी घालून ठेवूचा नाय गो बाय. सैल सोडूचा. दिसताना गुंतलेला दिसांदे, पाण्यात गुंताक नये.'" तिने ते बापाच्या आवाजात म्हणून दाखवलं आणि सगळे हसले.

पहिला संच आपल्याच गावाला जावा म्हणून तिने सरांच्या मागे लकडा लावला. अशी मी घाट उतरून समुद्राकाठी गेले. समुद्र पाहिला आणि मनात म्हटलं, ज्योतीरामा, तुझं चुकलं नाही रे बाबा.

गावात माझा सांभाळ ज्ञानेशकडे होता. बहिणीच्या कारखान्यातली तोफ म्हणून तो मला रोज फडक्याने पुसायचा. दुसऱ्याच पावसाळ्यात मी एका मालवाहू होडीवर दोरी टाकली आणि तिच्यावरची सगळी माणसं एकेक करून चड्डीत बसून किनाऱ्याला आली. गावाने माझ्यापुढे नारळ फोडला. तानुबाई नावाची एक मासे विकणारी म्हातारी आहे, तोंडाने फाटकी आणि मनाने सोन्यासारखी. तिने माझ्या तोंडात चक्क साखर कोंबली. पुढे आठवडाभर मुंग्यांनी माझं जगणं मुश्कील केलं. त्यानंतर संकट आलं नाही, मग कौतुकही आटलं. माझ्यावर ओली जाळी वाळत पडू लागली, कोंबड्या बसू लागल्या. गरज सरो, वैद्य मरो. हे तुम्हालाही शाळेच्या जुन्या बाकांबद्दल ठाऊक असेल.

तरी दर मे महिन्यात टेम्पोत घालून मला चाकणला आणत. हवेच्या टाकीची तपासणी व्हायची, दोरी बदलायची, गंज खरवडून रंग द्यायचा. माझं माहेरपणच म्हणा ना.

त्या वर्षीच्या मे महिन्यात मी शेडमध्ये होते, आणि एका मोठ्या कंपनीचं ऑडिट लागलं होतं. आमची शेड त्या कंपनीला सुटे भागही पुरवायची. तुम्ही या कारखान्यांच्या पट्ट्यात राहत असाल तर तुमच्या आईबाबांना विचारा, ऑडिट म्हणजे काय असतं. प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक जागेला पाटी, जमिनीवर पिवळे पट्टे. पाना सुद्धा फळीवर रंगवलेल्या आपल्याच चित्रात झोपवायचा. केबल दिसली की गोल गुंडाळा, पाइप दिसला की गोल गुंडाळा. हे काही वाईट नाही. त्यामुळे कित्येकांची बोटं वाचली आहेत. वर्षाली या कामात इतकी तरबेज झाली होती, की तिचा कोपरा बघायला दुसऱ्या शेडमधली माणसं यायची. पसारा दिसला की तिच्या हाताला खाज सुटायची. मग कंगवा असो की केबल.

आदल्या दिवशी सर म्हणाले, "उद्या सगळं चकाचक पाहिजे हं." वर्षालीने माझी पेटी उघडली. आत तिनेच सोडलेली दोरी पसरलेली होती. तिने खुंट्या उपसल्या, दोरी बाहेर काढली, कोपरापासून अंगठ्यापर्यंत गोल गोल गुंडाळली, आणि त्या देखण्या वेटोळ्याला पिवळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आवळल्या. राखीव दोरीचंही तेच केलं. मी ओरडायचा प्रयत्न केला. पण माझी टाकी रिकामी होती, मित्रांनो. हवेशिवाय मला आवाज नाही.

ऑडिटवाले साहेब आले, पेटीपुढे थांबले आणि म्हणाले, "वा, इसको बोलते हैं काम!" वर्षालीला बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. उघड्या पेटीशेजारी हसत उभी असलेली वर्षाली, असा फोटो फळ्यावर लागला. त्याच संध्याकाळी टेम्पो आला. दोरी परत सोडायची होती, पण इतकं सुंदर वेटोळं तिला मोडवेना. तिच्या मनाने घेतलं, हेच बरोबर. तिने झाकण लावलं आणि त्यावर कंपनीचं सील चिकटवलं.

गावात हंगामाच्या गडबडीत यंदा माझा सराव राहून गेला. कुणीतरी म्हणालं, पेटी एकदा उघडून बघू या. ज्ञानेशने हात आडवा घातला. "तायच्या हातची पेटी ती. उघडून काय बघूचा?" त्याचा बहिणीवर विश्वास होता, बस्स.

ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू झाली आणि दहाबारा दिवसांतच ते वादळ आलं. भर दुपारी आकाश काळंठिक्कर पडलं. धाकू तांडेलची बोट बंदराच्या तोंडाशी पोचली आणि तिचं इंजिन मेलं. लाटांनी तिला उचलून खडकावर आपटलं. लाकूड फुटल्याचा तो आवाज! मी तापलेलं लोखंड घणाखाली ऐकलं आहे, पण असा आवाज ऐकला नाही. बोटीवर पाच माणसं होती. धाकू आणि ज्ञानेश डोलकाठीला मिठी मारून होते. बाकीचे तिघे जे हाताला लागेल त्याला लोंबकळत होते.

बर्फाच्या कारखान्यातले मारुतराव मला डागायला शिकलेले होते. त्यांनी मला वाळूत रोवलं, सील फाडलं, झाकण उघडलं आणि पसाऱ्याऐवजी वेटोळं बघून क्षणभर थबकले. पण बोट तर डोळ्यांदेखत फुटत होती. त्यांनी दोरीचं टोक दट्ट्याला अडकवलं, वेटोळ्याच्या एकदोन पट्ट्या दाताने तोडल्या आणि झडप उघडली.

मी जीव खाऊन गरजले. दट्ट्या सुटला, पाठोपाठ आख्खं वेटोळं गोळा होऊन उडालं, हवेतच त्याची गाठ बसली आणि दोरी फाटकन तुटली. दट्ट्या एकटाच समुद्रात गेला. तुटलेलं टोक आसुडासारखं मागे आलं आणि मारुतरावांच्या तोंडावर बसलं. त्यांचा गाल फाटला, दोन दात वाळूत पडले. वेटोळ्याचा गुंता माझ्या पायाशी येऊन आदळला. पिवळ्या पट्ट्या अजून त्याला घट्ट धरून होत्या. मला माझ्याच गर्जनेची लाज वाटली.

"कोयतो हाडा!" तानुबाई ओरडत धावली. तिने राखीव दोरीच्या पट्ट्या मासे कापायच्या कोयत्याने सपासप तोडल्या. "बघतास काय! जाळ्यासारखी सोडा ती, जाळ्यासारखी!" बायका ताडपत्रीवर गुडघे टेकून बसल्या आणि पावसात, वाऱ्यात, नागमोडी दोरी सोडू लागल्या. हात भराभर चालत होते. पण दोरी लांबलचक होती, आणि समुद्राला दम नव्हता.

तेवढ्यात डोलकाठी मोडली. ज्ञानेशने बापाला कठड्याकडे ढकललं आणि तो स्वतः काठीबरोबर गेला. एकदा त्याचं डोकं वर आलं. दुसऱ्या लाटेने त्याला खडकावर आपटलं. तिसरी लाट परत गेली तेव्हा तिथे कुणी नव्हतं.

रक्ताने भरलेल्या तोंडाने मारुतरावांनी राखीव दट्ट्या भरून मला दुसऱ्यांदा डागलं. या वेळी दोरी सापासारखी सळसळत गेली आणि बरोबर बोटीवर पडली. तिघे आले. शेवटी धाकू आला. तो चड्डीतून उतरला, माझ्या पायाशी पडलेल्या गुंत्याजवळ बसला आणि त्या पिवळ्या पट्ट्यांवरून बोट फिरवत राहिला. दोरी आणखी थोडी आधी गेली असती तर? हा प्रश्न मी त्याच्या तोंडावर वाचला. लोखंडाला आसवं नसतात म्हणून बरं, मित्रांनो. नाहीतर तेव्हा मी रडले असते.

वर्षाली गावी आली, दिवसकार्य करून परत गेली. पहिला बार फुकट गेला, एवढंच तिच्या कानावर आलं. दोरी कुणी बांधली ते धाकूला ठाऊक नव्हतं, आणि ज्ञानेशचे ते शब्द ज्यांनी ऐकले होते त्यांनी ते कुणाजवळ काढले नाहीत. तिने समुद्राला शिव्या घातल्या आणि पुन्हा कामावर हजर झाली.

नवरात्रात धाकू मला घेऊन चाकणला आला. आयुष्यात पहिल्यांदाच. टेम्पोतून उतरला तेव्हा त्याच्या खांद्यावर पोतं होतं. शेडमध्ये खंडेनवमीची तयारी चालली होती. यंत्रं धुऊनपुसून झाली होती, झेंडूच्या माळांचा ढीग पडला होता. बापाला बघून वर्षाली धावत आली. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सरांसमोर जाऊन पोतं उलटं केलं. तो गुंता जमिनीवर पडला.

"ही दोरी बांधणारो माणूस माका बघूचो हा," तो म्हणाला. "मी भांडूक येवक नाय. तेका इतक्याच सांगूचा हा, परत कोणाक अशी बांधून धाडू नको."

सर गुंत्याकडे बघत राहिले. ज्योतीरामने हातातली माळ खाली ठेवली. वर्षालीने तो गुंता पाहिला, त्या पट्ट्या पाहिल्या, आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला. ती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. सर म्हणालेच, "धाकूभाऊ, शेड माझी आहे, चूक माझी आहे." पण ती पुढे आली.

"बाबानू, मी बांधलंय ती."

धाकूला आधी कळलंच नाही. मग त्याची नजर फळ्यावरच्या फोटोकडे गेली. उघडी पेटी, आत देखणं वेटोळं, शेजारी हसणारी त्याची लेक. त्याचा हात वर गेला. वर्षाली हलली नाही, तिने गाल पुढे केला. तो हात तिच्यावर पडला नाही. तो माझ्यावर पडला. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा, मूठ आवळून, माझ्या नळीवर, ज्योतीरामने मारलेल्या त्या जादा थरावर. ठाण ठाण आवाज शेडभर घुमला. त्याची बोटं फुटली, माझ्या रंगावर रक्त लागलं. मी सगळं सोसलं. घे, अजून मार, असंच मला वाटत होतं.

शेवटी ज्योतीरामने त्याला मागून मिठी मारली. "तात्या, बस करा. लोखंड हाय ते, हात ऱ्हायचा न्हाई."

धाकू धापा टाकत खाली बसला. दम सावरल्यावर त्याने विचारलं, "जाळा कसा ठेवतत, ता तुका कोणी शिकवल्यान?"

"तुमी."

"मगे?"

"हय सगळा नीट दिसाक लागता, बाबानू." तिने फळ्यावरच्या फोटोकडे बोट केलं. "मी इसरलंय."

बाहेरून शिफ्ट सुटल्याचा भोंगा ऐकू आला, पण आमच्या शेडमधून कुणी हललं नाही. मग धाकूने कमरेची सुरी काढली आणि राहिलेल्या पिवळ्या पट्ट्या एकेक करून कापल्या. कापून झाल्यावर म्हणाला, "खुंटे खय हत? चल, ठेवया."

सरांनी नव्या दोरीचं बंडल आणून दिलं. बाप आणि लेक पेटीच्या दोन बाजूंना बसले. तो दोरी सोडायचा, ती खुंटीवर वळसा घ्यायची. त्याच्या बोटांचं रक्त दोरीला लागत होतं, तिचे डोळे त्याच दोरीवर गळत होते. एका वळशाला तिचा हात थांबला, दोरी सरळ करून घट्ट ओढावीशी वाटली असणार. धाकूने नुसतं म्हटलं, "सैल." तिने सैल सोडली. ज्योतीराम आणि सर शेजारी बसून बघत होते. मग तेही शिकायला खाली सरकले.

खंडेनवमीला शेडमध्ये सगळं चकचकीत होतं. माझ्यावर हळदकुंकू वाहिलं, गळ्यात माळ घातली. पेटीच्या झाकणावर ज्योतीरामने लोखंडी ठशांनी अक्षरं ठोकली: या पेटीतला पसारा आवरू नये. फळ्यावरचा फोटो काढायला सर उठले, तर वर्षाली म्हणाली, राहू दे. तो तिथेच आहे. नव्या पोरांना काम शिकवताना ती आधी त्या फोटोकडे बोट दाखवते आणि सांगते, माझा भाऊ या वेटोळ्यात गेला.

मित्रांनो, मी तुम्हाला टापटीप सोडा म्हणत नाही. तुमची आई मला घरात घेणार नाही. पण कोणतीही वस्तू आवरायच्या आधी एकदा विचारा, ही कुणासाठी धावणार आहे आणि धावताना तिला काय लागेल. आणि जिच्यावर जीव अवलंबून आहे ती पेटी, कितीही लाडक्या हाताने बंद केलेली असली, तरी उघडून बघा. त्यात विश्वासघात होत नाही.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा घाट उतरणार आहे. झाकणाला आता सील नाही. ते झाकण रोज सकाळी धाकू उघडणार आहे.